पुरण माझं, पोळी तुझी

सरोज, हप्त्याला सुतक नसतं, हे मला तू गेल्यावर कळलं.

घरात गोडधोड बंद होतं, देव झाकलेले होते, आपले दोन्ही तवे भिंतीशी पालथे घातले होते. आणि आपल्या कर्जाच्या गटाचा वार आला. आपल्या बायका ठरल्याप्रमाणे गल्लीच्या तोंडाशी ओट्यावर जमल्या, एकमेकींना जामीन राहण्याची शपथ म्हणाल्या आणि हप्ते भरून मोकळ्या झाल्या. मी जाणार कशी? संध्याकाळी त्या सगळ्या फाटकापाशी येऊन उभ्या राहिल्या. माझा हप्ता त्यांनी आपापसांत भागवला होता. आत कोणीच आली नाही. आत आल्या असत्या तर मी उठून पैसे शोधायला लागले असते, हे त्यांना ठाऊक होतं.

वसुलीची मुलगी तेवढी ओटीपर्यंत आली. चपला काढून, मान खाली घालून तिने तुझ्या मृत्यूच्या दाखल्याची प्रत मागितली. सरोजअक्कांचं लोन आता विम्यातून बंद होईल, म्हणाली. चांगली पोर आहे, तिचाही काही इलाज नाही. मी मनात म्हटलं, बघा, जन्मभर कुणाचं फुकट घेतलं नाही आणि जाताना एवढं कर्ज फुकटात फेडून गेली. तर लगेच तुझं उत्तर ऐकू आलं, की विम्याचा हप्ता त्यांनी कर्ज देतानाच कापून घेतलाय, अक्का. तू असतीस तर नेमकं हेच म्हणाली असतीस. मग मला त्या मुलीसमोरच रडू फुटलं.

तू गेल्यापासून लोक येतात, बसतात, आणि दोन जावांचं इतकं गूळपीठ कुठे बघितलं नाही असं म्हणून जातात. मी मान डोलावते. मी तुला पुरण विकत होते, हे त्यांना कुठे माहीत आहे?

आठवतं ना, सुरुवात कशी झाली ते. मामंजींचं विल्सन गार्डनमधलं पोळ्यांचं दुकान म्हणजे सगळ्या भागात नाव. इथले बेंगळुरूचे लोक होळिगे म्हणत, आपण घरात पुरणपोळी म्हणत असू. पुढे मामंजी गल्ल्यावर, मागच्या खोलीत आपण दोघी. मी पुरण शिजवून वाटायचं, तू पोळ्या लाटून भाजायच्या. तुझ्यासारखी काठापर्यंत पुरण गेलेली पोळी मला कधी जमली नाही आणि माझ्यासारखं पुरण तुला कधी साधलं नाही. गिऱ्हाईक मामंजींनाच म्हणायचं, अण्णांच्या हाताला चव आहे. अण्णांनी उभ्या जन्मात पोळपाट उचलून ठेवला नव्हता. आपल्याला दिवाळीला एकेक साडी मिळायची, आणि रंगही तेच निवडायचे. आपण मागच्या खोलीत त्या रंगांना हसायचो. दुसरं काय करणार होतो?

मामंजी गेले आणि दुकान बंद झालं. आमच्या ह्यांची कारकुनी, भावजींची बोम्मसंद्र्याच्या कारखान्यातली पाळी, दोघांनाही गल्ल्यावर बसायचं नव्हतं. आपल्याला कोणी विचारलंच नाही. तेव्हा गटाची बातमी तू आणलीस. तारण नको, नवऱ्याची सही नको, फक्त बायकांनी एकमेकींना जामीन राहायचं. मी म्हटलं, ही कसली सावकारी, यात काहीतरी काळंबेरं आहे. तू म्हणालीस, असू दे, तवा तर येईल.

मग तो नियम आडवा आला. एका घरात, एकाच धंद्याला दोन कर्जं मिळणार नाहीत. एका कर्जात तवा आला असता तर ग्राइंडर राहिला असता. त्या ओट्यावर बसून तू माझ्याकडे बघितलंस आणि फॉर्म भरणाऱ्या मुलीला सांगितलंस, की आमचे धंदे वेगळेच आहेत. ह्या पुरण विकतात, मी पोळी विकते. ती मुलगी हसली, पण तिने लिहून घेतलं. पुरणपोळी फोडून दोन धंदे करणाऱ्या जावा अख्ख्या बेंगळुरूत आपणच असू. घरी येईपर्यंत आपण हसत होतो. फाटकात तू एकदम थांबून विचारलंस, “अक्का, आणि तूप कुणाचं?”

तूप फॉर्मवर कुणाच्याच नावावर नव्हतं. ते शेवटपर्यंत ठरलंच नाही.

मला वाटलं, कागदावरची गंमत कागदावर राहील. पण कर्जाबरोबर प्रशिक्षणही होतं. ते द्यायला आली ती पुण्याची मॅडम, तुझ्या लेकीपेक्षा, नंदिनीपेक्षा, चारदोन वर्षांनी मोठी असेल. आपण मराठी बोलतो हे कळल्यावर तिला काय आनंद झाला. तुमची मराठी किती स्वीट आहे, म्हणाली. आपल्या वाक्यात ‘थोडं’ऐवजी ‘स्वल्प’ आणि ‘बरं’ऐवजी ‘सरी’ आले की ती खुदकन हसायची, आणि तिच्या वाक्यातलं निम्मं इंग्रजी आपल्याला कळायचं नाही. पण शिकवायची मनापासून. घराचे पैसे वेगळे, धंद्याचे वेगळे. आणि एक गोष्ट ती पुन्हा पुन्हा सांगायची. घरच्या माणसाने केलेल्या कामाचीही किंमत धरा, नाहीतर तुमचा नफा खोटा आहे. बाकीच्या बायका जांभया देत होत्या. तू मात्र अशी बसली होतीस, जणू कोणी तुझ्याबद्दलच काही सांगत आहे.

दुसऱ्या दिवशी मी पुरणाचं पातेलं नेहमीसारखं तुझ्यापुढे सरकवलं आणि तू विचारलंस, किलोला काय घेणार? मला थट्टा वाटली. मी म्हटलं, वेडी झालीस का, उद्या चहाचे पैसे मागशील. तू हसली नाहीस. डाळ, गूळ, वेलची, गॅस, आणि माझे हात, असं बोटांवर मोजलंस आणि पैसे ग्राइंडरखाली ठेवून लाटायला बसलीस. मला राग आला होता. घरातल्या घरात हे काय दुकान मांडलंय, असं मी ह्यांच्यापाशी दिवसभर बडबडले.

पण त्या पैशांचं मी काय केलं, हे तुला कधी सांगितलं नाही. भाजी आणायला म्हणून बाहेर पडले आणि कोपऱ्यावरच्या हॉटेलात जाऊन एकटी बसले. मसाला डोसा मागवला, वर कॉफी घेतली. वेटरने विचारलं, आणखी कोणी येणार आहे का? मी म्हटलं, नाही. इतकी वर्षं या गावात राहून मी हॉटेलात एकटीने, स्वतःच्या पैशाने कधी खाल्लं नव्हतं. डोसा काही फार चांगला नव्हता. पण सरोज, मी तो इतका सावकाश खाल्ला, की वेटर दोनदा टेबल पुसायला आला. हे तुला सांगायला हवं होतं. तुझा विजय झाला असता म्हणून सांगितलं नाही.

मग बरे दिवस आले, ते मी नाकारणार नाही. कोरमंगलाच्या पीजीमधली पोरं फोनवर पोळ्या मागवायची, तिथली ऑफिसं सणाला डबेच्या डबे न्यायची. नंदिनीची फी तुझ्या पोळ्यांतून गेली. माझ्या गुडघ्याचं औषध माझ्या पुरणातून आलं. एकदा आमच्या ह्यांनी मित्राच्या वास्तुशांतीला पोळ्या द्यायचं परस्पर कबूल केलं, तर तू डोक्यावरचा पदर सारखा करून, अत्यंत आदराने, त्यांना भाव सांगितलास. थोरल्या दिराला भाव. ते दोन दिवस घुम्यासारखे बसले आणि तिसऱ्या दिवशी पैसे देऊन पोळ्या घेऊन गेले. त्यानंतर पाहुणे जेवायला बोलावण्याआधी ते मला विचारायला लागले. हे तुझं देणं, मी विसरलेले नाही.

पण मॅडमने एक शिकवलं नाही, ते म्हणजे थांबायचं कुठे. पहिलं कर्ज वेळेवर फेडलं म्हणून तुला दुसरं मोठं मिळालं. तू रस्त्यावरचा अर्धा गाळा भाड्याने घेतलास, एका वेळी पुष्कळ पोळ्या भाजणारा मोठा तवा आणलास, हाताखाली एक बाई ठेवलीस. मी म्हणत होते, जरा दमाने घे, अंथरूण पाहून पाय पसर. तू म्हणायचीस, अक्का, अंथरूणच मोठं करायचंय. आता हप्ता मोठा होता, म्हणून पोळ्या जास्त हव्या होत्या. पोळ्या जास्त करायच्या तर स्वस्त पुरण हवं होतं. तू हसायचं सोडलंस, हे मला त्याच सुमारास जाणवलं.

आणि उगादीच्या आदल्या दिवशी तुझ्या गाळ्यासमोर रिक्षातून डबे उतरताना मी पाहिले. होसकोट्याच्या कुठल्याशा कारखान्यातलं तयार पुरण. तू मला बघितलंस आणि नजर चुकवली नाहीस. तुझी तीच तऱ्हा होती.

“अक्का, ते स्वस्त देतात. तुम्ही भाव स्वल्प कमी करा, मी तुमचंच घेईन.”

मी पाठ फिरवून घरी आले. भाव कमी करा. माझ्या हाताची किंमत करायला तूच शिकवलीस, आणि मग ती जास्त आहे हेही तूच सांगितलंस. त्यानंतर कितीतरी दिवस, मी वर आणि तू खाली, आपलं बोलणं नंदिनीमार्फत चाललं. डाळ संपली आहे म्हणावं तुझ्या आईला. आणि तुझं, दोड्डम्माला, म्हणजे मोठ्या काकूला, सांग गॅसवाला येऊन गेला. त्या पोरीने दोन घरांतला टपाल्या व्हायचं तेवढं बाकी ठेवलं होतं. आणि मला सगळ्यात जास्त काय लागलं ते सांगू? गिऱ्हाइकाला फरक कळला नाही. एकानेही येऊन विचारलं नाही, की पुरण का बदललं. ते मला अजून झोंबतं. तुलाही झोंबलं असणार, कारण मोठा सण गेल्यावर तू गपचूप माझ्या दारात पुरणाचं रिकामं पातेलं आणून ठेवलंस. भावाचं काही बोलली नाहीस. मीही विचारलं नाही, आणि भाव होता तोच लावला.

तोपर्यंत तुला धाप लागायला लागली होती. जिन्याच्या तीन पायऱ्या चढून तू कठड्याला धरून उभी राहायचीस आणि विचारलं की म्हणायचीस, तव्याचा धूर बसतो. डॉक्टरांनी हृदयविकाराचं निदान केलं, तव्यासमोर उभं राहायचं नाही असं बजावलं. तू त्यांनाच विचारलंस, मग हप्ता कोण भरणार? मला त्या दिवशी मॅडमचा फार राग आला. घरच्या कामाची किंमत धरा म्हणाली, ठीक. पण आजारपणाची रजा कुठे धरायची, धंदा लहान करायचा असला तर कर्ज लहान होतं का, हे कोणी शिकवायचं? फोन करून मी तिला हे विचारलं. ती म्हणाली, काकू, आमच्या मॉड्यूलमध्ये ते नाहीये. निदान खरं तरी बोलली.

गाळा सुटला. मोठा तवा घरी आला, आणि शेवटचे ते महिने पुरणही माझं आणि पोळीही माझीच. तू खाटेवर बसून माझ्या पोळ्यांच्या कडा बघायचीस आणि नाक मुरडायचीस. कड जाड, मध्ये पातळ, असं म्हणत हाताने हवेतच लाटून दाखवायचीस. गिऱ्हाईक तुझं, तवा तुझा, म्हणून पोळीचे पैसे तुझ्याकडे यायचे. आणि दर शनिवारी तू माझी मजुरी नंदिनीच्या हाती पाठवायचीस. मी परत पाठवायची. तू पुन्हा पाठवायचीस. ते पाकीट तीन-तीन वेळा जिना चढायचं आणि उतरायचं.

शेवटी मी तणतणत खाली आले. आजारी माणसाच्या पोळ्या लाटून पैसे घेऊ, मी काय परकी आहे का, असं बरंच काही बोलले. तू ऐकून घेतलंस, उशी सरळ करून बसलीस.

“परक्या असता तर मला काळजी नव्हती. अक्का, तुम्ही फुकट केलंत, की आपण दोघी परत मामंजींच्या मागच्या खोलीत जाऊन बसणार.”

उत्तर सुचलं नाही की माझी जीभ कशी चालते, ते तुला माहीत आहे. मी म्हटलं, “म्हणजे उद्या तुझ्या तेराव्याच्या पोळ्यांचंही बिल लावू म्हणतेस? कुणाच्या नावावर?”

नंदिनी दारात उभी होती, तिचा चेहरा पांढरा पडला. तू मात्र हसलीस. किती दिवसांनी तुझं ते मागच्या खोलीतलं हसू ऐकलं. “नंदिनीच्या नावावर लावा,” म्हणालीस. “पुरण वेगळं, पोळी वेगळी.” मग धाप लागली म्हणून तू आडवी झालीस, आणि तुपाचं काय ते पुन्हा राहून गेलं.

त्यानंतर आपलं भांडण असं झालंच नाही. पुढच्या शनिवारी तू इस्पितळात होतीस आणि पाकीट आलं नाही. मी जिन्याकडे बघत बसले होते. आलं असतं तर मी या वेळी ठेवून घेतलं असतं का? दिवसभर स्वतःला विचारते आणि मला खरंच सांगता येत नाही. तू बरोबर होतीस असं म्हणावं, तर तुझी धाप आठवते. चूक होतीस म्हणावं, तर तो डोसा आठवतो.

मॅडमचा फोन आला होता. रडली बिचारी. मग चाचरत म्हणाली, की नव्या गटांना शिकवताना ती तुझा तव्यापुढचा फोटो दाखवते, तो पुढेही दाखवला तर चालेल का, आणि मी येऊन चार शब्द सांगेन का? काय सांगू मी त्या बायकांना? कर्ज घ्या म्हणू, की घेऊ नका म्हणू? आपल्या घरात त्याने माझी किंमत आणली आणि तुझा श्वास नेला. पण कर्ज नसतं तर तुझं हृदय धड राहिलं असतं, असंही मी छातीवर हात ठेवून म्हणू शकत नाही. मी तिला सांगितलं, फोटो दाखव, पण सरोज आजारी पडली होती हेही सांग. ती हो म्हणाली. सांगते की नाही बघायला मी जाणार आहे.

काल तुझा तेरावा झाला. परवा संध्याकाळी मी दोन्ही तवे सरळ केले. पुरण मी शिजवलं, ग्राइंडर लावला, आणि पोळपाट ओढणार एवढ्यात नंदिनी ऑफिसातून आली, हातपाय धुतले आणि लाटायला बसली. तिच्या कडा माझ्याहून पातळ होतात. हे तू तिला कधी शिकवलंस, मला कळलंही नाही. आम्ही दोघींनी सगळ्या पोळ्या केल्या. शेवटची पोळी उतरल्यावर तिने हात पुसले, पर्स उघडली आणि माझ्याकडे न बघता विचारलं, “दोड्डम्मा, उद्याच्या पुरणाचे किती झाले?”

भावजी बाहेर वर्तमानपत्र घेऊन बसले होते. ते तिथूनच म्हणाले, आईच्या तेराव्याला घरात पैसे विचारतेस, लाज नाही वाटत? आमचे हेही आले. सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी थोरली, मी तिला जवळ घेऊन म्हणायचं, ठेव गं पोरी ते पैसे. माझ्या तोंडावर आलंही होतं तसं. नंदिनीने पर्स मिटली नव्हती. अगदी तुझ्यासारखीच उभी होती.

मी भाव सांगितला. नेहमीचाच, एक रुपया कमी केला नाही. आणि म्हटलं, पोळीचे तुझे तू ठेव, लाटल्यास तू. ती म्हणाली, मी तर आईसाठी केल्या. मी म्हटलं, मी काय शेजारणीसाठी केलं? मग ती माझ्या गळ्यात पडून रडली, मीही रडले, आणि रडता रडता मी ते पैसे कमरेला खोचले. भावजी वर्तमानपत्राआड गेले, ते जेवायलाच बाहेर आले.

काल पहिलं पान तुझं वाढलं. त्यावरची पोळी पूर्ण पैसे घेऊन केलेली आहे, सरोज, तेव्हा निवांत जेव. तूप मात्र माझ्याकडून आहे. त्याचं काही विचारू नकोस.